पाटी वर करा

शाळेला इंटरॅक्टिव्ह पॅनल मिळाले की बातमी येते आणि बातमीत फोटो येतो. मध्ये पॅनल, पुढे फीत, दोन्ही बाजूंना सरपंच, सभापती, देणगीदार कंपनीचे साहेब, गटशिक्षणाधिकारी. मुले खाली बसलेली, कॅमेऱ्याकडे पाठ करून. असे फोटो पाहिले की एकच प्रश्न पडतो. हा फळा मुलांना दाखवणार पुष्कळ, पण मुलांना विचारणार कोण?

वर्गात दाखवण्याच्या साधनांवर आपण लाखो रुपये घालतो. विचारण्याच्या साधनांवर शंभर रुपयेही घालत नाही. गोंदिया जिल्ह्यात तरी हे उलटे व्हावे, एवढेच आज मांडायचे आहे.

रोजच्या वर्गात काय होते ते पाहा. गुरुजी विचारतात, ‘समजलं का?’ सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. मग गुरुजी एकाला उठवतात. तो बहुधा पहिल्या रांगेतला, हात वर करून बसलेला असतो. उत्तर बरोबर येते आणि धडा पुढे सरकतो. शितावरून भाताची परीक्षा या धानाच्या जिल्ह्यात कोणाला शिकवायला नको. पण भाताचे सगळे दाणे एकाच आधणात शिजलेले असतात, वर्गातली पोरे तशी नसतात. एक रोज येतो, तर दुसरा रोवणीच्या दिवसांत पंधरवडाभर येत नाही. एकीच्या घरी मराठी बोलतात, दुसरीच्या घरी पोवारी. सालेकसा, देवरीकडे कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी छत्तीसगढी. यांची परीक्षा एका शितावर होत नाही.

क्लिकर नावाचे छोटे उत्तरयंत्र निघाले ते यासाठी. प्रत्येक मुलाच्या हातात एक. शिक्षक पडद्यावर प्रश्न टाकतो, खाली चार पर्याय. प्रत्येक मूल आपापले बटण दाबते आणि क्षणात शिक्षकाला कळते की अठ्ठावीस मुलांपैकी अकराच बरोबर आहेत आणि नऊ जणांनी एकच चूक केली आहे. कोणी काय दाबले ते शेजाऱ्याला कळत नाही. लाजरे मूल बोलल्यावाचून उत्तर देते. चुकणाऱ्याला कोणी हसत नाही.

फळ्याचा आणि उत्तरयंत्रामागच्या रीतीचा इतिहास एकाच वर्षाशी येऊन भेटतो. कॅनडात कॅल्गरीच्या डेव्हिड मार्टिन आणि नॅन्सी नोल्टन यांनी ‘स्मार्ट बोर्ड’ बाजारात आणला १९९१ साली. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर आपली शिकवण्याची रीत मोडून नवी घडवत होते. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते पटापट सोडवत. पण जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणाचे बल जास्त, अशा साध्या प्रश्नावर अडत. बल दोन्हीकडे सारखेच असते. सूत्र पाठ होते, अर्थ पोचला नव्हता. हुशार मुलांनी भरलेल्या विद्यापीठात हे घडले.

माझूर यांनी व्याख्यान तोडून त्यात प्रश्न घातले. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे. बरोबर उत्तरे साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये आली तर शिक्षकाने गप्प बसायचे आणि मुलांनी शेजाऱ्याशी वाद घालायचा. मग पुन्हा उत्तर. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरे वाढतात, कारण नुकतेच समजलेले मूल शेजारच्या न समजलेल्याला जसे समजावते तसे पंचवीस वर्षे शिकवणाऱ्यालाही जमत नाही. सुरुवातीला त्यांच्या वर्गात यंत्र नव्हतेच, हात आणि पुठ्ठ्याचे पत्ते होते. क्लिकर नंतर आले.

यंत्र दुकानात मिळते, रीत मिळत नाही. म्हणून सरकारे यंत्र घेत सुटली.

इंग्लंडने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंटरॅक्टिव्ह फळ्यांवर मोठा खर्च केला. लंडनच्या माध्यमिक शाळांत हे फळे बसवल्यावर लंडन विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने त्याची पाहणी केली. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. फळे पुरते बसले त्या पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर त्यांचा परिणाम आकडेवारीत दिसला नाही. आपल्याकडे पॅनलची मागणी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हा निष्कर्ष असायला हवा. फळ्यावर बोट फिरवून चित्र सरकवता येते, पण एका वेळी एकदोघांनाच. बाकीचे सगळे बघत बसतात, आणि बघत बसलेले मूल शिकते आहे की नाही हे फळ्याला कळत नाही.

दुसरा पुरावा माझ्या मते याहून मोलाचा. कॅनडातल्या नॅथानिएल लॅस्री या प्राध्यापकाने माझूर यांचीच रीत दोन गटांत चालवली. एका गटाच्या हातात क्लिकर, दुसऱ्याच्या हातात पुठ्ठ्याचे पत्ते. २००८ मध्ये त्याने निष्कर्ष छापला. दोन्ही गट सारखेच शिकले. यंत्राने शिक्षकाची सोय झाली, आकडे आपोआप जमा झाले, पण शिकण्यात भर पडली ती प्रश्नाने आणि शेजाऱ्याशी घातलेल्या वादाने.

म्हणजे ज्या गोष्टीने मूल शिकते ती पुठ्ठ्यावर होते. मग गोंदियाने पुठ्ठ्यापासून सुरुवात का करू नये?

यासाठी परदेशाकडे पाहायचीही गरज नाही. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये अँड्र्यू क्रॉस, एडवर्ड कट्रेल आणि विल्यम थीस यांनी २०१२ मध्ये ‘क्यूकार्ड’ मांडले. प्रत्येक मुलाच्या हातात छापील संकेतचिन्हाचा एक कागद. ज्या बाजूने धरला ते उत्तर. समोरून कॅमेऱ्याने वर्गाचे चित्र घेतले की संगणक सगळी उत्तरे वाचतो. बंगळूरच्याच वर्गांत ते वापरून पाहिले होते. पुढे ‘प्लिकर्स’ नावाने अशाच पत्त्यांचे ॲप आले. मुलाच्या हातात नुसता कागद, शिक्षकाच्या हातात एक मोबाइल. चाळीस पत्त्यांचा संच तालुक्याच्या कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे निघतो. चार बाजूंवरची अक्षरे इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला उत्तर दिसत नाही. पर्यायांची अक्षरे इंग्रजी आहेत, त्यांच्या शेजारी पेनाने अ, ब, क, ड लिहिले की झाले.

मोबाइल कुठून आणायचा, असे कोणी विचारू नये. शिक्षकाच्या त्याच मोबाइलवर रोज पोषण आहाराची नोंद होते. हजेरी, आधार, यूडायसची शाळा-माहिती, निवडणुकीची कामे, असंख्य व्हॉट्सॲप गटांतले ‘तात्काळ’ आदेश, सगळे त्याच्याच खिशातल्या फोनवर, त्याच्याच पैशाच्या डेटावर. सगळ्या खात्यांसाठी चालणारा फोन दिवसातली पाच मिनिटे वर्गातल्या मुलांसाठी चालावा, ही मागणी जास्तीची नाही.

आणि फोन नसेल, नेटवर्क नसेल, तर पाटी आहे. जुने गुरुजी तोंडी हिशेब घालायचे. पोरांनी उत्तर लिहायचे, पाटी पालथी घालायची, कोणी कोणाचे बघायचे नाही. मग हुकूम यायचा, ‘पाटी वर करा.’ एका नजरेत चाळीस उत्तरे. वही आली आणि पाटी पहिली-दुसरीनंतर दप्तरातून गेली. तिच्याबरोबर सगळ्या वर्गाचे उत्तर एकदम पाहण्याची सवयही गेली, आणि ती गेल्याची खंत कोणत्या समितीने केल्याचे मी ऐकलेले नाही.

आता खरे अवघड काम. प्रश्न.

प्रश्न बरा नसेल तर पुठ्ठा, पाटी, क्लिकर, पॅनल सगळे वाया. ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती’ हा प्रश्न या कामाचा नाही. त्याचे उत्तर येते किंवा येत नाही, चुकल्यावर शिक्षकाला नवे काही कळत नाही. चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून आलेला हवा. दुसरी-तिसरीच्या वर्गात विचारा, ‘तीनशे पाच’ कसे लिहाल? पर्याय ठेवा ३५, ३०५, ३००५, ३५०. ज्याने ३००५ धरले तो जसे ऐकले तसे लिहितो आहे, आधी तीनशे आणि मग पाच. ज्याने ३५ धरले त्याला मधले शून्य कशासाठी ते कळलेले नाही. ज्याने ३५० धरले त्याने शून्य ओळखले, पण त्याची जागा चुकवली. चूक सारखीच दिसते, दुखणी तीन, औषधेही तीन. तिघांना ‘पुन्हा लिहा’ सांगणारा शिक्षक तिघांनाही सोडून पुढे जातो.

सहावीत विचारा, ०.५ क्विंटल धान जास्त की ०.३५ क्विंटल? पुष्कळ पोरे ०.३५ म्हणतील, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. यातलीच काही पोरे बापाबरोबर आधारभूत खरेदी केंद्रावर गेलेली असतात. पन्नास किलो आणि पस्तीस किलो यांत जास्त काय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. काट्यावरचे ज्ञान आणि वहीतले ज्ञान यांची गाठ पडलेली नाही, एवढेच. उत्तर फळ्यावर न सांगता दोघा-दोघांना भांडू दिले तर कोणीतरी क्विंटलचे किलो करतोच, आणि त्या बाकावर जे समजते ते कायमचे.

असा एक चांगला प्रश्न तयार करायला अर्धा तास लागतो. मुलांच्या जुन्या वह्या उघडून चुका गोळा कराव्या लागतात. ही शिक्षकाची अस्सल विद्वत्ता आहे आणि ती कोणत्याही पॅनलबरोबर खोक्यात येत नाही.

आपल्या जिल्ह्याचे प्रश्न आपल्यालाच करावे लागतील, याला आणखी एक कारण आहे. पॅनलबरोबर येणारे तयार धडे जिथे बनतात तिथल्या बोलीत बोलतात. तिथल्या धड्यात शेत असते, पण बांधी नसते, बोडी नसते, पऱ्हे नसतात. महाराष्ट्रात सारस पक्षी टिकून आहे तो मुख्यतः आपल्या गोंदियात. दर वर्षी त्याची गणना होते. सारस घरटे कुठे बांधतो, असा प्रश्न टाका. झाडावर, घराच्या वळचणीला, धानाच्या बांधीत की डोंगराच्या कपारीत? शेतकऱ्याचे पोर बांधीकडे पत्ता धरेल आणि ते बरोबर असेल. वर्षभर मान खाली घालून बसणारे एखादे मूल त्या दिवशी वर्गातल्या हुशारांच्या पुढे असेल. गोंडी बोलणारे, प्रमाण मराठीत तोंड उघडायला घाबरणारे मूल पत्ता वळवायला घाबरत नाही. या एका कारणासाठी मी देवरी-सालेकशाच्या प्रत्येक आश्रमशाळेत हे पत्ते पाहू इच्छितो.

पॅनलला माझा विरोध नाही. मुंबईहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस नऊशेहून अधिक किलोमीटर तोडून गोंदियाला थांबते. इतक्या दूरच्या मुलाने भरती-ओहोटी पडद्यावर पाहिली पाहिजे, धडधडणारे हृदय पाहिले पाहिजे, त्रिकोण फिरवून पाहिला पाहिजे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा हा आदिवासी पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यभरचे शिक्षक तो बघायला गेले. तिथे यंत्राआधी माणूस होता, तो यंत्राच्या पुढे चालत होता. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी फरशीवरच्या आखणीतून, खडे-काड्यांसारख्या साध्या वस्तूंतून ज्ञानरचनावादी वर्ग घडवले, तेही पाहायला राज्य लोटले. एकीकडे पडदा, एकीकडे खडे. दोन्हीकडे मूल काहीतरी करत होते आणि शिक्षक ते पाहत होता. तेवढे सोडून बाकीच्यांनी पडदा तेवढा उचलला.

पडदाही चालला पाहिजे ना. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे ऐन पावसात. वीज कडाडली की लाईन जाते. शाळेचे वीजबिल कोणी भरायचे यावर ग्रामपंचायत आणि मुख्याध्यापक यांच्यात वर्षानुवर्षे चालढकल होते. समग्र शिक्षा योजनेचे वार्षिक संमिश्र अनुदान तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला १०,००० रुपये. त्यातच खडू, झाडू, नळ, दुरुस्ती, रंग. लाखाचे पॅनल बिघडले तर त्या दहा हजारांतून कोणता मुख्याध्यापक दुरुस्त करणार? देणगीदाराने पॅनलबरोबर पाच वर्षांची दुरुस्ती आणि वीजबिल लेखी द्यावे. देता येत नसेल तर शाळेने ती देणगी नम्रपणे परत करावी. हे म्हणण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला आहे आणि शिक्षण समितीने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

माणसांचा हिशेबही याच वहीत लिहिला पाहिजे. १९८७ मध्ये केंद्राने खडू-फळा मोहीम काढली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य. २०१९ मध्ये ऑपरेशन डिजिटल बोर्ड जाहीर झाले, तेही नववीपासून पुढच्या वर्गांकडे पाहून. मधल्या काळात २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला, त्यातही साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले. आणि आजही राज्यात एकशिक्षकी शाळा आहेत. एक शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, त्यातच माहिती भरतो, त्यातच बैठकीला जातो. तो बैठकीला गेला की पॅनल चालू असो वा बंद, वर्गाला कोणी विचारणारे उरत नाही. ‘तीनशे पाच’ची चूक तिसरीत सापडली नाही तर नववीतला डिजिटल फळा ती शोधायला मागे येणार नाही.

उत्तरे गोळा करण्यात एक धोका आहे आणि तो आताच सांगितलेला बरा. आपल्या यंत्रणेला आकडे वर पाठवण्याची हौस आहे. चाचण्या होतात, गुण ऑनलाइन चढतात, राज्याचा आलेख तयार होतो. मुलाने सोमवारी केलेली चूक मंगळवारी शिक्षकाला उपयोगी पडावी, तसे त्यातून काही परत येत नाही. वर्गातल्या पत्त्यांची उत्तरे या पाइपात घालू नका. ज्या दिवशी ‘कोणत्या शाळेत किती टक्के बरोबर’ अशी यादी तालुक्याच्या गटावर फिरेल, त्या दिवसापासून शिक्षक सोपे प्रश्न विचारू लागतील आणि मुले शेजाऱ्याला विचारून पत्ता धरू लागतील. ही उत्तरे वर्गात जन्मावीत आणि वर्गातच संपावीत.

दुसरी अडचण अधिकाऱ्यांच्या बाजूची. अठ्ठावीसपैकी अकराच बरोबर आले तर शिक्षकाने थांबले पाहिजे. थांबला की अभ्यासक्रम मागे राहतो, आणि शाळाभेटीला आलेले साहेब नेमके तेच विचारतात, ‘कुठवर आलात?’ हा प्रश्न बंद झाला पाहिजे. ‘या आठवड्यात कुठे थांबलात, कशासाठी?’ असे विचारा. ज्याला याचे उत्तर देता येते तो शिकवतो आहे. ज्याला देता येत नाही त्याचा धडा कितीही पुढे गेला असला तरी वर्ग मागेच आहे.

हे सुरू करायला मंत्रालयाचा आदेश लागत नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रके वाचून दाखवण्यात जो वेळ जातो त्यातला एक तास काढावा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या वह्यांत सापडलेली एक चूक आणि तिच्यावरचा चार पर्यायांचा एक प्रश्न लिहून आणावा. इतरांनी तो तपासावा. कोणता पर्याय नुसता भरतीचा आहे, कोणत्यातून मुलाचे डोके दिसते, यावर भांडावे. पंधरा शिक्षक आले तर पंधरा प्रश्न घेऊन प्रत्येक जण घरी जाईल. डाएटने, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, ते जमवावेत, गोंडी, पोवारी, छत्तीसगढी जाणणाऱ्या शिक्षकांकडून शब्द तपासून घ्यावेत, इयत्तावार लावून परत पाठवावेत. पत्त्यांच्या छपाईचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा, तो एका पॅनलच्या किमतीत कित्येक शाळांना पुरेल. पहिली परिषद सडक अर्जुनीत घ्या, गोरेगावात घ्या, कुठेही घ्या. येताना वह्या मात्र आणा, मुलांच्या चुकांसकट.